नळ्या हवेच्या, विचार पाण्याचा

प्रश्न असा आहे: फोंड्याजवळ बेतोड्याला एका शेडमध्ये दोघे भाऊ दोन आसनी ॲल्युमिनियमचं किट विमान बांधत आहेत. पंख खालच्या बाजूचा आहे आणि डाव्या पंखाखाली पिटो, म्हणजे वेग मोजण्यासाठी समोरून येणाऱ्या हवेचा दाब घेणारी नळी, बसणार आहे. पंखाची वरची स्किन (पत्र्याचं आवरण) रिव्हेट झाली, खालची बाकी आहे. पिटो, एओए (पंखाचा समोरच्या हवेशी होणारा कोन कळण्यासाठी) आणि स्टॅटिक (बाहेरच्या हवेचा नुसता दाब घेण्यासाठी) अशा तीन हवेच्या नळ्या यंत्रांच्या पॅनेलपर्यंत न्यायच्या आहेत, पण किटच्या नकाशात त्यांच्यासाठी नुसती एक तुटक रेघ आहे. नळी ॲल्युमिनियमची घ्यावी की प्लॅस्टिकची? वेर्ण्याच्या दुकानांत मिळणारं न्यूमॅटिकचं सामान चालेल का? आणि पंख बंद झाल्यावर पस्तावायला नको म्हणून आत्ता काय करून ठेवावं?

खालची स्किन अजून लावलेली नाही हे वाचून जीव भांड्यात पडला. ती आणखी काही दिवस लावू नका. तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं देतोच, पण त्याआधी जे तुम्ही विचारलेलं नाही ते सांगतो, कारण माझ्या अनुभवात या नळ्यांचा सगळ्यात जास्त घात तिथेच होतो. नळीत पाणी कुठे थांबेल, हे नळी टाकताना कुणी पाहत नाही. मी तीसेक वर्षं इन्स्ट्रुमेंट फिटर म्हणून काम केलं आणि निवृत्तीनंतर दोन-तीन किट विमानांच्या पॅनेलांना हात लावला. गळणाऱ्या जोडाची तक्रार घेऊन आलेल्यांपैकी कितीतरी जणांच्या नळीत शेवटी पाणीच निघालं.

आधी हा दाब किती नाजूक असतो ते डोळ्यांसमोर आणा. विमान १०० नॉटने जात असताना पिटोच्या तोंडावर बाहेरच्या हवेपेक्षा जो जादा दाब येतो, तो फक्त १६५ मिलिमीटर पाण्याच्या उंचीइतका असतो. पाण्याचा ग्लास भरला तर तळाशी येतो त्याहून थोडाच जास्त. दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, त्यामुळे वेग निम्मा झाला की दाब चौथाईवर येतो. ५० नॉटला उरतात जेमतेम ४१ मिलिमीटर. आता समजा नळीच्या एखाद्या झोळात आठ-दहा थेंब पाणी अडकलं आणि झोळाच्या दोन बाजूंच्या पातळीत १० मिलिमीटरचा फरक पडला. तेवढा दाब यंत्रापर्यंत पोचतच नाही. १०० नॉटला काटा सुमारे ९७ दाखवेल आणि तुमच्या लक्षातही येणार नाही. ५० नॉटला तोच काटा ४३-४४ दाखवेल. पाणी झोळाच्या दुसऱ्या बाजूला चढलेलं असेल तर चूक उलटी होते: खरा वेग ५० च्या खाली असताना यंत्र ५० दाखवतं. दहा थेंब पाणी सरळ उड्डाणात गप्प बसतं आणि नेमकं उतरताना, स्टॉलच्या (वेग कमी पडून पंखाची उचल सुटण्याच्या) जवळ, खोटं बोलतं. स्टॅटिकच्या नळीतही हेच. तिथे १ मिलिमीटर पाणी म्हणजे उंचीमापकावर सुमारे पावणेतीन फूट, आणि स्टॅटिकची चूक वेगाच्या काट्यातही उतरते.

ही नळी मुळात पाण्यासाठीच जन्मली, हे मला नेहमी लक्षात ठेवण्यासारखं वाटतं. हेन्री पिटो या फ्रेंच अभियंत्याने १७३२ मध्ये सेन नदीच्या प्रवाहाचा वेग मोजण्यासाठी ती वापरली. विमान यायला तेव्हा पावणेदोनशे वर्षं अवकाश होता. आपल्याकडे जूनपासून चवथीपर्यंत हवेतच एवढं पाणी असतं की नळी ते मोजायला मागेपुढे पाहत नाही.

म्हणून पहिला नियम उताराचा. तुमच्या घराच्या कौलांना उतार का असतो हे गोव्यात कुणाला शिकवावं लागत नाही. नळीलाही तोच न्याय लावा. ती कुठूनही कुठेही गेली तरी पाणी एकतर बाहेरच्या तोंडाकडे वाहून गेलं पाहिजे, नाहीतर एका ठरवलेल्या, हात पोचेल अशा ठिकाणी गोळा झालं पाहिजे. मध्ये कुठेही झोळ नको. बांधणारे इथेच फसतात, कारण पंख स्टँडवर आडवा किंवा उभा असतो आणि त्या अवस्थेत नळी सरळ दिसते. विमानाला जोडल्यावर पंखाला डायहेड्रल येतो, म्हणजे टोक वर आणि मूळ खाली. तीन अंशांचा डायहेड्रल धरला तरी दोन मीटरच्या धावेत मूळ १० सेंटिमीटरने खाली जातं. तुमच्या विमानात पिटोची नळी मास्टमधून (पिटो धरणाऱ्या दांड्यातून) वर पंखात शिरेल, तिथून मुळाकडे उतरेल आणि कॅबिनच्या तळाजवळून पुन्हा पॅनेलकडे चढेल. पंखाच्या मुळाशी आपोआप झोळ तयार झाला. तो टाळता येत नाही. तो तिथे आहे हे मान्य करायचं आणि त्याची सोय लावायची.

सोय सोपी आहे. मास्टच्या वर, पंखात शिरल्या शिरल्या, जागा असेल तितकी नळी वर उचला आणि मगच मुळाकडे वळवा. पावसात पिटोच्या तोंडातून आत गेलेलं पाणी त्या चढावर अडतं आणि परत तोंडातून किंवा पिटोच्या पोटाला असलेल्या बारीक छिद्रातून निघून जातं. ते छिद्र कधी बुजवू नका. गळतीची चाचणी करताना त्यावर टेप लावावी लागते, ती काढायची आठवण मी पुढे करणारच आहे. तरीही थोडा ओलावा चढ ओलांडतो, आणि दमट हवा रात्री गार झाली की नळीच्या आतही थेंब धरतात. त्यांच्यासाठी पंखाच्या मुळाशी, सगळ्यात खालच्या बिंदूला एक टी (तीन तोंडांचा जोड) बसवा. टीचा तिसरा पाय खाली तोंड करून असू द्या आणि त्याला टोपी घाला. पंख काढता-घालताना नळी तिथेच सोडवावी लागते, म्हणजे तो जोड तसाही येणारच होता. एका दगडात दोन्ही कामं होतात. मात्र ही जागा सीटखालच्या झाकणातून किंवा मुळाच्या फेअरिंगमधून (सांधा झाकणाऱ्या आवरणातून) हाताला लागली पाहिजे. दर पावसाळ्यात टोपी काढून बघायची असेल आणि त्यासाठी सीट, गालिचा आणि चौदा स्क्रू काढावे लागणार असतील, तर दुसऱ्या वर्षापासून ते कोणी बघणार नाही.

उतार तपासताना विमानाच्या दोन अवस्था धरा: जमिनीवर उभं असतानाची आणि उड्डाणातली. शेपटीच्या चाकाचं विमान असेल तर या दोन्हींत बराच फरक पडतो. नाकाखाली चाक असलेल्या विमानात कमी, पण असतो. नळी टाकायच्या आधी पंख त्याच्या खऱ्या कोनात ठेवा, रिबवर (पंखातल्या फासळ्यांवर) पेन्सिलने मार्ग आखा आणि गवंडी वापरतात ती पाणी भरलेली पारदर्शक लेव्हल ट्यूब घेऊन बिंदूमागून बिंदू तपासा. ती ट्यूब सांभाळून ठेवा, चाचणीला तीच लागणार आहे.

स्टॅटिकचं गणित वेगळं आहे, कारण तिथे तोंडं, म्हणजे पोर्ट, धडाच्या मागच्या भागात दोन्ही बाजूंना असतात आणि पावसाचं पाणी त्यांच्यावरूनच ओघळतं. विमान बाजूला घसरत उडालं की एका पोर्टवर दाब वाढतो, दुसऱ्यावर घटतो, आणि टीमध्ये त्यांची सरासरी मिळावी म्हणून दोन घेतात. इथे एक बारकावा आहे, जो बहुतेक नकाशांत सांगितलेला नसतो. दोन पोर्टवर वेगवेगळा दाब असला की हवा एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने बाहेर वाहत असते. टी बरोबर मध्यावर असेल आणि दोन्ही हात सारख्या लांबीचे, सारख्या वळणांचे असतील तरच टीपाशी खरी सरासरी मिळते. एक हात वीतभर आणि दुसरा दीड मीटर ठेवलात तर आखूड हाताच्या पोर्टचंच म्हणणं जास्त ऐकू येतं. म्हणून दोन्ही पोर्टपासून नळ्या बल्कहेडच्या (धडातल्या आडव्या चौकटीच्या) कडेने सरळ वर न्या, धडाच्या माथ्याजवळ मध्यावर टी घाला आणि तिथून पुढे पॅनेलकडे जा. पोर्टमधून शिरलेलं पाणी एवढा चढ चढत नाही, परत बाहेर पडतं. माथ्यावरून पुढे जाणारी नळी कॅबिनमध्ये खाली उतरते तिथे झोळ होत असेल, तर तिथेही टोपीची टी लावा.

पोर्टच्या बाहेरच्या डोक्याचा आकार मात्र आहे तसाच ठेवा. काही किटमध्ये ते साध्या घुमट डोक्याच्या पोकळ रिव्हेटसारखं असतं, आणि देखणं दिसावं म्हणून लोक ते सपाट पोर्टने बदलतात. त्या डोक्याचा किंचित उंचवटा हवेचा प्रवाह तिथे नेमका जसा हवा तसा घडवतो. सपाट केलंत की वेग आणि उंची दोन्हींत कायमची चूक शिरते. रंगाचा जाड थर, पॉलिशचा मेण, छिद्राच्या कडेचा बर, यांनीही तेच होतं.

आता सामान. आतल्या लांब धावांसाठी मी नायलॉनची नळी घ्यायला सांगेन. ती हलकी असते, वळते, आणि अखंड ओढता येत असल्यामुळे मध्ये जोड लागत नाहीत. मास्टजवळची पहिली फूट-दीड फूट नळी ॲल्युमिनियमची असावी. तापवणारा पिटो घेतला असेल तर ती हवीच, कारण त्याची उष्णता प्लॅस्टिकला सोसत नाही. गोव्याच्या आकाशात दृश्य नियमांनी (ढगांपासून दूर, बाहेर पाहत) उडताना पिटो गोठायचा प्रसंग येत नाही, पण उद्या विमान दुसरीकडे जाईल किंवा विकलं जाईल, म्हणून सोय असलेली बरी. सगळी नळी ॲल्युमिनियमची करायलाही माझी हरकत नाही, फक्त फ्लेअर (नळीचं फाकवलेलं तोंड) ३७ अंशांचा हवा. मोटारीच्या ब्रेकचे पाइप करणाऱ्यांकडचं फ्लेअरिंग टूल ४५ अंशांचं असतं. तो फ्लेअर विमानाच्या फिटिंगवर बसल्यासारखा दिसतो आणि काठावरून गळत राहतो.

वेर्णा, कुंडई आणि तुमच्या बेतोड्याच्या कारखान्यांमुळे न्यूमॅटिकचं सामान आपल्याकडे कोपऱ्याकोपऱ्यावर मिळतं आणि ते चांगलंही असतं. पण त्यात तीन सापळे आहेत. पहिला मापाचा. तुमच्या किटमधली नळी पाव इंची आहे, दुकानदाराच्या भाषेत दोन सूत, म्हणजे ६.३५ मिलिमीटर. दुकानात मिळते ती ६ मिलिमीटर. शेजारी धरली तर डोळ्याला फरक दिसत नाही. ६ ची नळी पाव इंची पुश फिटिंगमध्ये जाते, दात तिला पकडतात, ओढली तरी निघत नाही, आणि आतली रबरी रिंग तिला पुरती टेकत नाही. घट्ट बसलेला जोड गळतोय यावर माणसाचा विश्वासच बसत नाही, म्हणून तो बाकी सगळं उघडत बसतो. दुसरा सापळा आट्यांचा. आपल्या बाजारातलं एक सूत फिटिंग बहुधा बीएसपी आट्यांचं असतं, इंचाला २८ आटे आणि ५५ अंशांचा कोन. अमेरिकन किटमधलं एनपीटी असतं, २७ आटे आणि ६० अंश. ती एकमेकांत दोन-तीन फेरे खुशाल जातात, मग अडतात, आणि पान्याने जोर केला की ॲल्युमिनियमच्या बाजूचे आटे कापले जातात. तिसरा सापळा नळीच्या प्लॅस्टिकचा. दुकानात निळी, मऊ पॉलियुरेथेनची नळी पुढे करतात. तिची एक जात दमट उष्णतेत काही वर्षांत विरघळल्यासारखी चिकट होते आणि मग तुटते. कोणती जात हातात आहे हे बाहेरून कळत नाही. पारदर्शक पीव्हीसी पॅनेलच्या उन्हात कडक होऊन नोजलवर सैल पडते. म्हणून एकच ठरवा: सगळं विमान पाव इंची आणि एनपीटी. दुकानातून आणलेला एकही ६ मिलिमीटरचा तुकडा त्या शेडमध्ये ठेवू नका. आणायचाच असेल तर चाचणीच्या जुगाडापुरता, आणि त्यावर लाल टेप गुंडाळून.

नळी कापताना कटर वापरा, पक्कड नको. काप काटकोनात हवा आणि बाहेरचा पृष्ठभाग कोरा, कारण रबरी रिंग त्यावरच टेकते. टोकापासून फिटिंगच्या खोलीइतक्या अंतरावर मार्करने खूण करा आणि ती खूण आत जाईपर्यंत दाबा. आत दोन ठिकाणी अडल्यासारखं होतं. पहिल्या अडसराला थांबलेली नळी दातांनी पकडलेली असते, पण रिंगपर्यंत पोचलेली नसते. आट्यांना सीलंट लावताना पहिले दोन आटे कोरे सोडा. टेपची एक चिंधी आत सुटली तर ती कुठे जाऊन बसेल सांगता येत नाही.

पंखातला मार्ग आखताना रिबमध्ये किटने पाडून दिलेली छिद्रंच वापरा. नवं छिद्र हवंच असेल तर किट कंपनीला विचारून, आणि मुख्य स्पारला (पंख पेलणाऱ्या लांब तुळईला) हात लावायचा नाही. प्रत्येक छिद्राला ग्रोमेट किंवा स्नॅप बुशिंग (धार झाकणारी कडी) असू द्या. नळी रिबच्या धारेवर नुसती टेकली तरी इंजिनाच्या थरथरीने ती करवतीसारखी कापली जाते. सर्वांत नाजूक जागा म्हणजे एलेरॉनचा (पंखामागच्या हलत्या झडपेचा) बेलक्रँक, म्हणजे ती हलवणारा कोनात फिरणारा दांडा. तिथे नळी क्लॅम्पने दोन्ही बाजूंना धरा आणि एलेरॉन पूर्ण वर, पूर्ण खाली नेऊन पाहा. एवढ्यावर थांबू नका. नळी हाताने बेलक्रँककडे ढकला आणि पुन्हा पाहा, कारण प्लॅस्टिक क्लॅम्प सैल झाला तर ती तिकडेच जाणार आहे. पुशरॉडला किंवा कंट्रोल केबलला कधीही नळी बांधू नका. केबल टाय घट्ट आवळून नळीचा गळा दाबू नका. हात-दीड हातावर आधार पुरतो, फक्त दोन आधारांमध्ये तिने लोंबू नये. लोंबली की झोळ आलाच.

आता जी गोष्ट आठवली की मला अजून वाईट वाटतं ती सांगतो. एका हौशी बांधणाऱ्याच्या शेडमध्ये मी मे महिन्यात पंखातल्या नळ्या टाकायला मदत केली. टोकं दोन्हीकडे मोकळी ठेवली, कारण पिटो अजून आला नव्हता. मृग लागला, काम थांबलं, ऑक्टोबरमध्ये त्याने स्किन लावून पंख बंद केला. जोडणी झाल्यावर पिटोची नळी हवा घेईना. दोन दिवस आम्ही पॅनेलमागे शोधत होतो. शेवटी तोंडातून बारीक तार घातली, तर आतून लाल माती निघाली. कुंभारणीने (मातीचं घर बांधणाऱ्या माशीने) नळीत घर केलं होतं, आणि ते एक नव्हतं. पुढचं तारेच्या पलीकडे, वळणाच्या मागे होतं. पंखाच्या खालच्या बाजूला झाकणाचं भोक पाडून ती नळी बदलावी लागली. टोकं मी स्वतः मोकळी सोडली होती आणि दोन टोप्या तेव्हाही माझ्या पेटीत होत्या.

गोव्यात ही कुंभारीण दाराच्या बिजागरीपासून लोंबत्या रेनकोटच्या खिशापर्यंत कुठेही माती लावते. तिला पाव इंची नळी मनापासून आवडते. ६ फेब्रुवारी १९९६ रोजी डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या पुएर्तो प्लाताहून उडालेलं बिरगेनएअरचं बोइंग ७५७ समुद्रात कोसळलं आणि १८९ माणसं गेली. कॅप्टनच्या बाजूचा पिटो बंद होता, आणि कीटकाच्या घरट्यामुळे तो बंद झाला असावा असं मानलं जातं. पिटो पुरता बुजला की आत कोंडलेला दाब कायम राहतो, बाहेरचा दाब चढताना कमी होत जातो, आणि काटा वेग वाढल्याचं दाखवत राहतो. वैमानिक नाक आणखी वर करतो. म्हणून ज्या क्षणी नळी कापाल त्याच क्षणी दोन्ही टोकांना टोपी घाला, जेवायला जायचं असलं तरी. विमान तयार झाल्यावर पिटोवर लांब लाल पट्टीचं कव्हर असू द्या, आणि ते प्रत्येक उड्डाणानंतर चढवा, रात्र होण्याची वाट पाहू नका. कुंभारीण दिवसाच काम करते.

स्टॅटिकसाठी धोका कीटकांपेक्षा टेपचा. त्याच वर्षी, २ ऑक्टोबर १९९६ ला, पेरूतल्या लिमाहून निघालेलं एरोपेरूचं बोइंग ७५७ पॅसिफिकमध्ये पडलं आणि ७० जण दगावले. साफसफाईच्या वेळी स्टॅटिक पोर्टवर लावलेली टेप काढायची राहिली होती. तुम्ही रंग द्याल तेव्हा पोर्ट झाकावे लागणारच. धडाच्या रंगात न मिसळणारी, भडक टेप घ्या, तिला वीतभर शेपूट सोडा, आणि भिंतीवरच्या फळ्यावर किती टेप लावल्या त्याचा आकडा लिहा. काढताना आकडा जुळला पाहिजे.

तीन नळ्या शेजारी धावणार असल्याने खुणा पहिल्या दिवसापासून करा. पिटोला एक रंग, एओएला दुसरा, स्टॅटिकला तिसरा, आणि प्रत्येक जोडाच्या दोन्ही बाजूंना अक्षर. सेन्सर पेटीवर तीन नोजल एका रांगेत अंगठ्याच्या अंतरावर असतात. पिटो आणि स्टॅटिक उलटी लागली तर धावपट्टीवर वेग शून्यावरच बसतो आणि उंची कमी होताना दिसते, म्हणजे निदान कळतं तरी. पिटो आणि एओए उलटी लागली तर वेग दिसत राहतो, फक्त खरा नसतो, आणि ते जास्त वाईट. पॅनेलमागे टींची माळ लावण्याऐवजी जोड जितके कमी तितके बरे. पॅनेल वीतभर पुढे ओढता येईल एवढी नळी शिल्लक ठेवा, आणि ती शिल्लक वरच्या बाजूला कमानीसारखी वळवा, खाली लोंबू देऊ नका.

चाचणी स्किन लावायच्या आधी करायची, प्रत्येक नळीची वेगळी, यंत्र न जोडता. गवंड्याची लेव्हल ट्यूब यू आकारात फळीला बांधा, मागे मिलिमीटरची पट्टी लावा, निम्मी पाण्याने भरा. एका बाजूला तुमची नळी आणि टीमधून औषधाच्या दुकानातली ६० मिलिलीटरची सिरिंज. पिटोच्या नळीचं दुसरं टोक बंद करा आणि सिरिंज सावकाश दाबा. दोन पातळ्यांमधला फरक १६५ मिलिमीटर झाला की १०० नॉट, ३२८ झाला की १४० नॉट. लक्षात घ्या, मोजायचा तो दोन्ही पातळ्यांमधला फरक, एका बाजूची चढण मोजलीत तर निम्माच आकडा मिळेल. सिरिंज धरून ठेवा आणि पाच मिनिटं थांबा. पातळी हलली नाही तर नळी पास. हलत असेल तर जोडांवर साबणाचं पाणी लावा. तोंडाने फुंकू नका, फुंकर दाब जास्त देते आणि ओलावाही. कंप्रेसर तर यंत्र जोडलेलं असताना खोलीतही नको: ८ बारचा दाब १०० नॉटच्या दाबाच्या सुमारे ५०० पट असतो. नळीतली धातूची कीस काढायला हवा मारायचीच असेल तर दोन्ही टोकं मोकळी करून, आणि कंप्रेसरच्या टाकीतलं पाणी आधी काढून.

एक गोष्ट तुमच्या शेडबद्दल. पत्र्याखाली दुपारी ही चाचणी केलीत तर वेड लागायची पाळी येईल. बंद नळीतल्या हवेचं तापमान एका अंशाने बदललं तरी दाब सुमारे ३.४ हेक्टोपास्कलने बदलतो, म्हणजे उंचीमापकाच्या भाषेत नव्वदेक फूट. ढग आला की नळी गळते आणि ऊन पडलं की गळती उलटी फिरते. सकाळी सातच्या सुमाराला, दारं लावून, पंखा बंद करून करा, आणि नळीवर हात ठेवू नका.

सगळं जोडून झाल्यावर स्टॅटिकची चाचणी यंत्रांसकट होते. अमेरिकेतल्या नियमात बिनदाबाच्या कॅबिनसाठी दिलेली कसोटी मला पटते: एक पोर्ट बंद करून दुसऱ्यातून हवा ओढा, उंचीमापक मैदानाच्या उंचीपेक्षा १००० फूट वर नेऊन थांबवा, आणि एका मिनिटात तो १०० फुटांपेक्षा जास्त उतरता कामा नये. त्यासाठी सुमारे ३७ सेंटिमीटर पाण्याइतकी ओढ लागते. ही ओढ फक्त स्टॅटिकला दिलीत तर वेगाचा काटा १५० नॉटच्या आसपास जाईल, कारण त्याच्या दृष्टीने पिटोवर तेवढा जादा दाब आहे. काट्याची मर्यादा त्याहून कमी असेल तर तो बिघडतो, म्हणून पिटोची आणि स्टॅटिकची नळी टीने एकत्र जोडूनच ओढा. सोडताना थेंबाथेंबाने सोडा. एकट्या पिटोवर कधी ओढ देऊ नका, स्टॅटिकमध्ये कधी हवा ढकलू नका. पिटोच्या बाजूला मी स्वतः १०० नॉटवर धरून मिनिटात २ नॉटपेक्षा जास्त उतार दिसला तर जोड शोधायला लागतो. चाचणी संपल्यावर पिटोच्या पोटाच्या छिद्रावरची टेप काढा आणि फळ्यावरचा आकडा खोडा.

मंजुरीच्या कागदपत्रांबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, तर मीही तिकडे जात नाही. पण नळ्यांचा नकाशा मात्र तुमच्या हाताने काढा: प्रत्येक जोड, प्रत्येक टी, प्रत्येक टोपी, पंखाच्या मुळापासूनचं अंतर मिलिमीटरमध्ये. स्किन लावायच्या आधी पंखाच्या पोटाचे फोटो घ्या, शेजारी स्टीलची पट्टी ठेवून. आणि नळीसोबत पंखात एक नायलॉनची दोरी टोकापासून मुळापर्यंत सोडून द्या, दोन्हीकडे सैल गाठ मारून. उद्या नळी बदलायची झाली किंवा एखादी वायर वाढवायची झाली तर ती दोरीच ओढून नेईल. एवढं झालं, सकाळच्या गार वेळी पाच मिनिटं पाणी हललं नाही आणि दोन्ही टोकांना टोप्या बसल्या, की खालची स्किन लावा.